सलग चार सुपर बोल हरलेल्या मार्व्ह लेव्हींना महान कोच का म्हणतात?

"चार वेळा हरला तो कसला महान" असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, म्हणून उत्तर द्यायला बसलो. लेव्ही म्हणजे अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच, आणि सुपर बोल म्हणजे त्या खेळाची दरवर्षीची फायनल. मी तेव्हा बफेलोत शिकत होतो.

२७ जानेवारी १९९१, टँपा, पहिली फायनल. न्यूयॉर्क जायंट्स २०, आमचे बिल्स १९, शेवटची काही सेकंदं. सामना जिंकून देऊ शकणारी आमच्या स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांची किक गोलखांबाच्या उजवीकडून बाहेर गेली. खोलीत कुणी कुणाशी बोलेना. दुसऱ्या दिवशी संघ परत आला तर बफेलोच्या नायगारा स्क्वेअर चौकात तोबा गर्दी, तीही तिथल्या जानेवारीच्या थंडीत. मीही गेलो. लोक ओरडत होते, "स्कॉट पाहिजे!" ज्याच्या किकवर सामना गेला त्यालाच पुढे बोलावलं, आणि तो गहिवरून बोलला. रात्री फोनवर दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "हरलेल्यांचा कसला सत्कार?" याच दादाने पुढे पोराचं खो-खो बंद केलं, जिल्ह्याची फायनल हरला म्हणून.

लेव्हींचं मोठेपण त्या किकनंतर सुरू होतं. तोच संघ पुढची तीन वर्षं पुन्हा फायनलला. सलग चार सुपर बोल खेळणं आजवर दुसऱ्या कुठल्याच संघाला जमलेलं नाही. जानेवारी १९९३ मध्ये बाद फेरीत आमचा मुख्य क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा) जिम केली जखमी, त्याच्या जागी राखीव फ्रँक राइक मैदानात, ह्यूस्टन ३५-३ ने पुढे. तो सामना बिल्सनी ४१-३८ जिंकला. लेव्ही स्वतः दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात, मग हार्वर्डची एमए, मॉन्ट्रियलला दोन ग्रे कप (कॅनडाची फायनल), कॅन्सस सिटीच्या संघाने काढल्यावर ६१व्या वर्षी बफेलो. २००१ मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे या खेळातल्या महान लोकांच्या यादीत स्थान, मिळालं ते उगाच नाही.

चुका होत्याच. पहिल्या फायनलमध्ये जायंट्सनी ६० पैकी ४० मिनिटांहून जास्त चेंडू स्वतःकडे ठेवला आणि लेव्हींना त्यावर उत्तर सापडलं नाही. डलासने ५२-१७ हरवलं त्या फायनलमध्ये बिल्सनी नऊ वेळा चेंडू गमावला. ही जबाबदारी कोचचीच.

पण त्याच सामन्यात, सगळं संपलेलं असताना, आमचा डॉन बीबे, चेंडू घेऊन पळणाऱ्या डलासच्या लिऑन लेटच्या मागे जीव तोडून धावला आणि गोलरेषेच्या तोंडाशी त्याच्या हातातला चेंडू उडवला. असा खेळाडू घडवतो तो कोच. तुमची मुलं खेळत असतील तर फायनल हरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना मैदानावर पाठवा. माझ्या पुतण्याला कुणी पाठवलं नाही. पाठलागात त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि हे मी दादाला तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं.