'फो-टो-ग्राफ', पण 'फो-टॉग-र-फी' का?

प्रश्न असा आहे: इंग्रजी शब्दकोशात फोटोग्राफची फोड 'फो-टो-ग्राफ' अशी दाखवतात आणि फोटोग्राफीची मात्र 'फो-टॉग-र-फी'. मूळ शब्द एकच, मग 'जी' हे अक्षर एकदा पुढच्या तुकड्यात आणि एकदा मागच्या तुकड्यात कसं? ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तर काय धरून चालायचं?

सगळी करामत आघाताची आहे. फोटोग्राफ म्हणताना जोर पहिल्या 'फो'वर पडतो. फोटोग्राफी म्हणताना तो सरकून दुसऱ्या 'ओ'वर येतो आणि त्या 'ओ'चा उच्चार आखूड होतो. अमेरिकी शब्दकोशांची रीत अशी, की आघात असलेला ऱ्हस्व स्वर पुढचं व्यंजन स्वतःकडे ओढून घेतो. दीर्घ स्वर सहसा ते पुढे सोडतो. म्हणून 'टॉग'. आपल्याला हे खटकतं, कारण देवनागरीत व्यंजन पुढच्या स्वराला चिकटवायची सवय डोळ्यांत बसलेली असते.

'रेकॉर्ड'मध्ये तर आणखी गंमत. नाम असेल तर जोर सुरुवातीला, म्हणून तोड 'सी'नंतर. क्रियापद असेल तर जोर शेवटी, म्हणून तोड 'सी'च्या आधी, 'आर-ई' झाल्या झाल्या. स्पेलिंग तेच, पण वाक्य वाचल्याशिवाय शब्द कुठे तोडायचा ते सांगता येत नाही.

संगणकापुढेही हीच अडचण होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँक लिआंग यांनी 1983 साली याच विषयावर पीएचडीचा प्रबंध लिहिला आणि त्यांची पद्धत डोनाल्ड कनुथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणी प्रणालीत आली. शब्द कुठे तोडायचा हे ठरवणारे अक्षरांचे 4,447 साचे, आणि साच्यांत न बसणाऱ्या फक्त 14 शब्दांची वेगळी यादी. त्या यादीत 'प्रेझेंट' आणि 'प्रोजेक्ट' (आणि त्यांची 'एस' लावलेली रूपं) आहेत, तीही एकही तोड न दाखवता. नाम की क्रियापद हे यंत्राला कळत नाही, तेव्हा शब्दाला हातच लावायचा नाही! मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

ब्रिटिश परंपरा उच्चारापेक्षा शब्दाच्या घडणीकडे जास्त बघते. 'नॉलेज' अमेरिकेत 'एल'नंतर तुटतो, तर ब्रिटिश रीतीने 'एल'च्या आधी, म्हणजे 'नो' (जाणणे) हा शब्द अख्खा ठेवून. दोन्ही बरोबर, एका मजकुरात दोन्ही नकोत, एवढंच.

आणखी एक. शब्दकोशात शब्दाच्या मधे दिलेले ठिपके म्हणजे सिलॅबलची (एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांची) मोजणी नव्हे, ते मुख्यतः ओळ तोडण्याच्या जागा दाखवतात. 'अबाउट'मध्ये सिलॅबल दोन आहेत, पण मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशात ठिपका नाही, कारण ओळीच्या टोकाला एकटं 'ए' सोडत नाहीत. उलट 'स्ट्रेंग्थ्स'मध्ये नऊ अक्षरं असली तरी सिलॅबल एकच, त्यामुळे तो कितीही अडचणीचा असला तरी तुटत नाही. कवितेची मात्रा ठिपके मोजून जुळवू नये ती यासाठी.

नियमाने बरोबर असलेली प्रत्येक तोड वाचायला बरी असतेच असं नाही. 'लेजंड्स' हा शब्द शब्दकोशाप्रमाणे 'जी'नंतरच तुटतो. पण ओळीच्या शेवटी 'लेग' दिसला की वाचणारा पाय समजून पुढच्या ओळीवर जातो आणि तिथे 'एंड्स' भेटतो. अशा वेळी शब्द अख्खा खाली घ्यावा, वरच्या ओळीतलं अंतर थोडं सैल झालं तरी चालेल.