आंबट रेड एल : व्हिनेगरचा वास आला म्हणजे बाटली गेली का?

प्र. मित्राने बियरची एक बाटली आणली होती, ८.५ टक्के अल्कोहोलची, लेबलवर बॅरलमध्ये मुरवलेली सावर रेड एल (एल हा बियरचाच एक प्रकार) असं लिहिलेलं. उघडल्या उघडल्या व्हिनेगरचा भपकारा आला, दोघांनी तर ग्लास तिथेच सरकवला की ही नासलीये म्हणून. मी मात्र हळूहळू पीत बसलो आणि शेवटी शेवटी चक्क आवडायला लागली. मग बरोबर कोण? आणि असली बियर चाखायची काही पद्धत असते का?

उ. तुमच्या मित्रांचं नाक बरोबर आहे, निकाल घाईत दिलाय एवढंच. त्यांना व्हिनेगरचा वास आला कारण त्यात खरंच व्हिनेगरवालं अॅसिड असतं, आणि या जातीच्या बियरमध्ये ते थोडंसं असायलाच लागतं. प्रश्न फक्त किती याचा.

आधी ही कुठून आली ते बघू, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. आंबट लाल एलचं मूळ घर बेल्जियममधलं वेस्ट फ्लँडर्स. तिथे रूसेलारे गावात रोडेनबाख ब्रुअरी १८२१ पासून आहे, आणि त्यांच्याकडे ओक लाकडाची प्रचंड उभी पिंपं आहेत, त्यांना फूडर म्हणतात, माणूस शेजारी उभा राहिला तर ठेंगणाच दिसेल एवढी. त्यात बियर दोन दोन वर्षं पडून राहते. मग ती जुनी आंबट बियर ताज्या, गोडसर बियरमध्ये मिसळतात, त्यांच्या ग्रँड क्रू नावाच्या बियरमध्ये साधारण दोन भाग जुनी आणि एक भाग ताजी असते. पिंपात मुरवून मग मिसळायची ही युक्ती घरातल्या युजीन रोडेनबाखने १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये शिकून आणली असं सांगतात. जवळच्याच व्हिश्ते गावची डचेस द बूर्गोन्य पण याच जातीची, ६.२ टक्के. म्हणजे मूळच्या या बियर फार कडक नव्हत्याच. ८-९ टक्क्यांच्या कडक बाटल्या म्हणजे बहुतेक नव्या ब्रुअर्सनी तीच कल्पना ताणून केलेला प्रकार, आणि त्यात फूडरऐवजी वाईनची किंवा बर्बनची (अमेरिकन व्हिस्कीची) छोटी बॅरल्स वापरलेली असतात.

आणि इथेच तुमच्या भपकाऱ्याचं उत्तर आहे. आंबटपणा येतो मुख्यतः दोन अॅसिडमुळे. एक लॅक्टिक, दह्यातलं, ते लॅक्टोबॅसिलस आणि पीडिओकॉकस हे बॅक्टेरिया बनवतात आणि त्यांना हवा लागत नाही. दुसरं अॅसिटिक, म्हणजे व्हिनेगर, ते अॅसिटोबॅक्टर अल्कोहोलपासून बनवतो पण त्याला ऑक्सिजन पाहिजेच. लाकडातून हवा अगदी बारीक बारीक आत झिरपत असते, मोठ्या फूडरमध्ये बियर खूप आणि लाकडाचा पृष्ठभाग त्यामानाने कमी, छोट्या २२५ लिटरच्या बॅरलमध्ये उलट, म्हणून तिथे प्रत्येक लिटरला हवा जास्त मिळते आणि जरा दुर्लक्ष झालं, बॅरल वरपर्यंत भरलेलं ठेवलं नाही, की व्हिनेगर पुढे पळतं.

आता चाखायचं. नाकाला लॅक्टिकचा वास जवळपास येतच नाही, ते उडून जाणारं अॅसिड नाही, अॅसिटिक मात्र उडतं. म्हणजे ग्लासजवळ नाक नेल्यावर जो आंबट वास येतो तो जवळपास सगळा अॅसिटिकचा. घोट घेतला की जिभेवर गोलसर आंबट पसरतो तो जास्त करून लॅक्टिकचा, आणि गिळताना घशाला जे चरचरतं ते परत अॅसिटिकचं. ही वाटणी एकदा कळली की आंबट आहे एवढंच म्हणून थांबायला होत नाही, कुठे आंबट आहे ते कळायला लागतं. वास आधी चेरी, मनुका, लाकूड, थोडं चामडं आणि त्यांच्या मागून व्हिनेगर असा आला तर बाटली चांगली. व्हिनेगर सगळ्यात पुढे आणि मागे काहीच नाही, किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणका, तर ते इथाइल अॅसिटेट, अॅसिटिक आणि अल्कोहोलपासून बनणारं. चिमूटभर असेल तर फळासारखं वाटतं, जास्त असेल तर डोकं धरतं, आणि माझ्या मते तिथे ती बाटली गेलीच, लेबलवर काहीही छापलेलं असो.

चेरीचा वास आला म्हणजे चेरी घातलीये असं नाही हां. लाल रंग आणि ती फळांची चव बहुतेक वेळा माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, आणि मुरण्यातून येते, खरी फळं घातलेली असतील तर लेबलवर तसं लिहितात.

तुम्हाला शेवटी का आवडली त्याचं कारण बहुतेक तापमान. ही बियर फ्रीजमधून काढून लगेच ओतली की थंडीने फळ आणि लाकूड दोन्ही गप्प बसतात, राहतो फक्त आंबट आणि गॅस. १० ते १२ डिग्रीला आली की माल्टचा गोडवा, कॅरमलचा वास वर येतो आणि आंबटपणाला टेकायला काहीतरी मिळतं. म्हणून बाटली आधीच बाहेर काढून ठेवा, वर निमुळता होणारा ग्लास घ्या, अर्धाच भरा, पहिला घोट छोटा घ्या आणि त्यावर अजिबात मत बनवू नका, कारण पहिल्या घोटाला तोंड फक्त अॅसिडचा धक्का मोजत असतं. खरी बियर तिसऱ्या-चौथ्या घोटाला कळते. तुमचे मित्र पहिल्यावरच उठले.

प्र. ८-९ टक्के लिहिलेलं असून अल्कोहोल जाणवतच नाही, असं कसं?

उ. आंबट आणि गोड दोघं मिळून झाकतात. शिवाय ब्रेटानोमायसिस (थोडक्यात ब्रेट) नावाचं यीस्ट बॅरलमध्ये महिनोनमहिने उरलेली साखर खात राहतं त्यामुळे अंगाने पण ती हलकी लागते, सरबतासारखी जाते. कळेल ते उठल्यावर. बर्बन बॅरलची असेल तर व्हॅनिला आणि नारळासारखा वास येईल, तो लाकडाचा, आणि मला विचाराल तर बर्बन आणि आंबटपणा यांचं फारसं जमत नाही, व्हॅनिला एकीकडे ओढतो आणि अॅसिड दुसरीकडे. वाईनचं बॅरल बरं.

प्र. घोट गिळून झाल्यावर काही सेकंदांनी तोंडात ओलसर धान्य किंवा उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव आली, वास घेताना तर काहीच नव्हतं. हा भास आहे का?

उ. भास नाही, आणि तुम्ही चांगलं पकडलंत. याला टेट्राहायड्रोपायरिडिन गटातली द्रव्यं कारणीभूत, ब्रेट आणि काही लॅक्टिक बॅक्टेरिया ती बनवतात. गंमत बघा, बियरच्या अॅसिडमध्ये ती बांधलेल्या अवस्थेत असतात म्हणून वर उडत नाहीत आणि नाकाला सापडत नाहीत. तोंडात लाळेने आंबटपणा उतरला की ती सुटतात आणि घशामागून नाकात जातात, तेवढ्यात पाच-दहा सेकंद गेलेले असतात. सगळ्यांना सारखी कळत पण नाहीत, एकाच टेबलवर एकजण तोंड वाकडं करतो आणि शेजारचा म्हणतो मस्त आहे. नुकतीच बाटलीत भरलेली बियर असेल तर काही महिन्यांत हे बऱ्याचदा कमी होतं, कारण बाटलीत जिवंत ब्रेट असेल तर ते हळूहळू निस्तरतं. म्हणजे त्याच बियरची दुसरी बाटली असेल तर फेकू नका, ठेवून द्या.

पिंपात असताना पण या बियरची अशी एक आजारी अवस्था येते बरं का. पीडिओकॉकसमुळे ती चक्क तार सुटेल इतकी बुळबुळीत होते आणि लोण्यासारखा वास मारते. ब्रुअर काही करत नाही, थांबतो. ब्रेट तो चिकटपणा पण खातं आणि लोणी पण. घाईत भरलेल्या बाटलीत तो लोण्याचा वास कधी कधी राहून गेलेला सापडतो.

प्र. अर्धी बाटली उरली तर? आणि किती वर्षं ठेवता येते?

उ. उरलेली बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवा. गॅस जातो आणि हवा लागली की वास बोथट होतो. न उघडलेली बाटली अंधारात, थंड जागी, उभी ठेवा. चांगली कडक आंबट एल काही वर्षं सहज टिकते पण प्रत्येक बाटली ठेवून सुधारतेच हा गैरसमज आहे. आत्ताच व्हिनेगर जास्त वाटत असेल तर ठेवून ते कमी होणार नाही, फळ मात्र विरत जाईल आणि व्हिनेगर अजून उघडं पडेल. ती आत्ताच प्या.

प्र. दात आंबतात हो!

उ. आंबणारच, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त आंबट) साडेतीनच्या आसपास किंवा खाली असतो. घोट तोंडात घोळवत बसू नका, मधेमधे साधं पाणी प्या आणि पिऊन झाल्यावर लगेच ब्रश करू नका, अॅसिडने दातांचं एनॅमल तेवढ्यापुरतं मऊ पडलेलं असतं, निदान अर्धा तास जाऊ द्या. अॅसिडिटीचा जुना त्रास असेल तर ही बियर तुमच्यासाठी नाही, साधी माल्टवाली रेड एल घ्या, रंग तोच मिळेल.