वाचकांचे प्रश्न : गुणांपुरते शिकणे, गुणांपुरते शिकवणे

प्रश्न : मी अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. विद्यार्थी हजेरी आणि अंतर्गत गुण यांपुरतेच वर्गात येतात. आम्ही प्राध्यापकही बढतीसाठी शोधनिबंध छापतो आणि चर्चासत्रांची प्रमाणपत्रे गोळा करतो. बक्षिसांनी गोडी वाढते की आटते?
— एक प्राध्यापक, सातारा जिल्हा

उत्तर : ज्याची मोजणी होते तेवढेच बक्षिसाने वाढते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत बढती ‘एपीआय’, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणाऱ्या गुणांशी जोडली, तेव्हा हेतू वाईट नव्हता. निव्वळ सेवाज्येष्ठतेमुळे राबणारा आणि न राबणारा एकाच रांगेत बसतो, ही तक्रार खरीच होती. परंतु छापील निबंधाला गुण मिळू लागताच पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले, आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याच्या अटीमुळे पीएच.डी.चे विद्यार्थीही त्याच दुकानांच्या दारात उभे राहिले. ही अट २०२२ मध्ये गेली. बनावट नियतकालिके गाळण्यासाठी आणलेली ‘केअर’ यादीही आयोगाने २०२५ मध्ये बंद केली. चीनमध्ये तर निबंधामागे रोख रक्कम मिळे. २०२० मध्ये तेथील सरकारलाच ती प्रथा थांबवण्याचे आदेश द्यावे लागले.

एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. काहींना मध्येच प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला आणि पुढे तो बंद केला, तेव्हा मोकळ्या वेळात कोड्यांकडे वळण्याची त्यांची ओढ कमी झालेली दिसली. शाब्दिक कौतुकाने मात्र ती घटली नाही. कौतुकाला अनुदान लागत नाही, म्हणूनच की काय, ते कोणत्याही नियमावलीत सापडत नाही.

अर्थात, तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आणि सुट्टीत मानधनाला मुकणाऱ्या सहकाऱ्यांना गोडीचे धडे देणे ही थट्टा ठरेल; तिथे आधी नियमित वेतनच हवे.

आपल्या हातातले म्हणाल, तर प्रयोगशाळेपासून आरंभ करावा. टायट्रेशनची, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजण्याच्या प्रयोगाची, रीडिंग गेल्या वर्षीच्या जर्नलमधून (प्रयोगवहीतून) उतरवली जातात, ब्युरेटची (मोजनळीची) तिन्ही रीडिंग दशांशापर्यंत तंतोतंत जुळतात आणि आपण सही करतो, कारण सहीच्या जर्नलशिवाय परीक्षेला बसता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक बॅचला वेगळ्या तीव्रतेचे द्रावण द्यावे, रीडिंग चुकले तरी ते का चुकले हे नीट लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत आणि सहीशेजारी त्याच्या नोंदीविषयी दोन ओळींचा शेरा लिहावा. वीस जणांच्या बॅचमध्ये हे जमते. साठ जणांच्या वर्गात जमेलच असे मी म्हणणार नाही.