'तमाशा' बदलून भागणार नाही

चि. हिस अनेक आशीर्वाद,

काल रात्रीची तुझी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, वाचली. मालिकेतली ती मुलगी विमानतळावर रडतेय, समोर कुणी नसताना मोठ्याने बोलतेय, दीड मिनिटाचा व्हिडिओ, आणि वर मथळा, 'विमानतळावर अभिनेत्रीचा तमाशा'. तू विचारलंस, "सर, 'तमाशा' जरा जास्त होतंय का?" होतंय. (शिवाय तमाशाला शिवीसारखं वापरणं हा फडावरच्या बायकांवरही अन्याय, पण ते पुन्हा कधीतरी.)

२००५ च्या जानेवारीत मी रात्रपाळीला होतो. जुहूच्या एका इमारतीत एका फ्लॅटच्या दारात दुधाच्या पिशव्या आणि वर्तमानपत्रं साठत गेली, कुणी आत घेतली नाहीत, म्हणून पोलिसांना कळवलं गेलं. आत हिंदी सिनेमातली नायिका परवीन बाबी मृतावस्थेत. १९७६ साली 'टाइम'च्या मुखपृष्ठावर आलेली बाई. मधुमेह, चिघळलेला पाय, पलंगाशेजारी व्हीलचेअर. 'एकाकी अंत' हा मथळा मीच दिला आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. दारातल्या त्या गठ्ठ्यात आमचाही अंक असू शकेल, हे डोक्यात यायला बरीच वर्षं गेली.

कारण त्याआधी आम्ही काय करत होतो? १९८३ मध्ये ती कामं अर्धवट टाकून निघून गेली, तर अंडरवर्ल्डच्या वावड्या. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर तिला बेड्या घालून रुग्णालयात नेलं, मनोरुग्णांबरोबर ठेवलं. तेही चवीने छापून आलं. १९८९ ला परतल्यावर अमिताभ बच्चनपासून बिल क्लिंटनपर्यंत सगळे आपल्या जिवावर उठलेत, असं ती सांगायची. असा मजकूर आला की आमच्या डेस्कवर कुणीतरी तो मोठ्याने वाचायचं आणि चहाबरोबर हशा पिकायचा. मीही वाचलाय. जवळची माणसं पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया म्हणत होती, म्हणजे कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असे भास-भ्रम होणारा मनोविकार; ती नाकारत होती. आपल्याला काही झालेलंच नाही असं ठाम वाटणं हे या आजारात नेहमीचंच. तापाने फणफणलेला माणूस बरळतो, ते बरळणं आपण मुलाखत म्हणून छापतो का? तिचं छापलं.

२०२० मध्ये उलटं झालं. सुशांतसिंह राजपूत गेल्यावर आजाराचं नाव कुणाला नको होतं, कारस्थान हवं होतं. मृतदेहाचे फोटो फिरले, पोलिसांच्या 'महाराष्ट्र सायबर' विभागाला ते फिरवू नका म्हणून बजावावं लागलं. पुढच्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या 'मीडिया ट्रायल'वर ताशेरे ओढले. तोवर टीआरपी खिशात पडला होता.

तुझ्या कामाचं सांगतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम २४. मानसिक उपचारांसाठी दाखल असलेल्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. उद्या एखादा वॉर्डबॉय तुला ॲडमिशनचा कागद व्हॉट्सॲप करेल, तेव्हा हे आठव. आणि 'नैराश्यात', 'बायपोलर' हे शब्द तू लिहायचे नाहीस. ते डॉक्टरने ठरवायचे आणि तिने स्वतः सांगायचे. दीपिका पदुकोणने २०१५ मध्ये आपलं नैराश्य स्वतःहून सांगितलं, तिला हवं तेव्हा, तिच्या शब्दांत. ती बातमी होती. विमानतळावर कुणीतरी चोरून काढलेला व्हिडिओ ही बातमी नाही.

संपादक म्हणतील, बाकी सगळ्यांनी लावलाय. लावला असेल. तुझ्या कॉपीत उरतं ते एवढंच: चित्रीकरण थांबलंय, निर्मात्यांचं म्हणणं अमुक, कुटुंबाने बोलायला नकार दिला. चार ओळी. क्लिक येणार नाहीत, बोलणी खाशील. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाक, तिच्यासाठी नव्हे, वाचणाऱ्यांसाठी.

बातमीतून व्हिडिओ काढून टाकलास की नवा मथळा मला पाठव. अकरापर्यंत जागा असतो.

तुझा,
जुना रात्रपाळीवाला