झिंकची गोळी रोज घ्यावी का?

तुम्ही विचारलंय, कोरोनापासून घरात सगळेच रोज 50 मिलिग्रॅमची झिंकची कॅप्सूल घेतायत, चालू ठेवावी का? डॉक्टरांनी काही कारणानं लिहून दिली नसेल तर बंद करा. परभणी जिल्ह्यात माझं मेडिकल आहे. विकणाराच नको म्हणतोय.

झिंक म्हणजे आपलं जस्त. जखम भरायला, पोरांच्या वाढीला, जिभेच्या चवीला, प्रतिकारशक्तीला ते लागतंच. पण किती? आपल्याकडची शिफारस पुरुषाला दिवसाला 17 मिलिग्रॅम, बाईला 13 च्या आसपास. मोठ्या माणसाला 40 च्या वर जाऊ नये म्हणतात, तेही जेवणातलं धरून. तुमची एक कॅप्सूलच त्याच्या पुढं जाते.

जादा झिंक आतड्यात तांब्याची वाट अडवतं. महिनोन्महिने असं चाललं की अंगातलं तांबं कमी पडून रक्त कमी होतं आणि लोहाच्या गोळ्यांनी ते भरून येत नाही. पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. माणूस आपला शुगर तपासत बसतो, गोळीवर संशय कुणाचाच जात नाही. काही अँटिबायोटिकसोबत झिंक घेतलं तर त्या औषधाचाही असर कमी होतो. उपाशीपोटी मळमळतं ते वेगळंच. मी स्वतः एकदा सकाळी नुसत्या चहावर घेतली होती, जिंतूर येईपर्यंत एसटीच्या खिडकीत डोकं घालून बसलो.

मग झिंक मिळवायचं कुठून? तुमच्या घरी शेती असेल तर पटकन कळेल. आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानात झिंक असूनही पिकाला लागू होत नाही, म्हणून आपण सोयाबीनला झिंक सल्फेट टाकतो. पोटातही तसंच. ज्वारीत, डाळीत झिंक आहे, पण दाण्यातलंच फायटेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की पकड सुटते. आजीची आंबील, मोडाची मटकी उगाच नव्हती. भाकरीसोबत तिळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, चालत असेल तर अंडी, मटण. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी 2018 मध्ये आली, तिच्यात लोह आणि झिंक मुद्दाम वाढवलेलं आहे. (रानातलं पोत्यातलं झिंक पोटात घ्यायचं नाही. हसू नका, काउंटरवर हा प्रश्न येऊन गेलाय.)

जिथं गोळी खरंच लागते तिथं मात्र लोक ती सोडतात. लेकराला हगवण लागली की ओआरएससोबत झिंक 14 दिवस द्यायचं: सहा महिन्यांपुढच्याला रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहान असेल तर 10, डॉक्टरांना विचारून. जुलाब थांबले तरी द्यायचं, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा लागण्याची शक्यता त्यानं कमी होते. गेल्या पावसाळ्यात एक आजी 14 गोळ्यांची पट्टी परत घेऊन आल्या. तीन संपलेल्या, अकरा तशाच. “नातू बरा झाला, आता ह्या घ्या वापस.” घेतल्या नाहीत. चमचाभर पाण्यात गोळी कशी विरघळवायची ते दाखवलं आणि पट्टीवर पेनानं अकरा तारखा टाकून दिल्या.