सतत आजारल्यासारखं वाटतं, पण डॉक्टर "ताण आहे" म्हणतात. स्वतःहून थायरॉईड टेस्ट मागितली तर त्यांना राग येईल का?

मागा. राग आला तर येऊ दे, त्या रागाने तुमचं काही बिघडत नाही. तुम्ही लिहिलंय की वय ३१, सात महिने ताप नाही, दुखणं नाही, तरी सकाळी उठताना रात्रभर ओझी वाहिल्यासारखं अंग असतं, वजन पाच किलोने वाढलंय, डॉक्टरांनी दोनदा "चालायला जा" सांगून परत पाठवलं आणि आता तिसऱ्यांदा जाऊन टेस्ट मागायची लाज वाटते. त्याच लाजेत माझे चौदा महिने गेले. म्हणून जेवण झाल्या झाल्या हे लिहायला बसलोय. थोडं लांबेल.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला, एका पतसंस्थेत कॅशवर बसतो. २०१६ ची चतुर्थी, तेव्हा मी ४४ वर्षांचा. घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट, दरवर्षी मीच बांधतो. त्या वर्षी शिडीवर उभा राहून सुपारीचा घड बांधताना हात खांद्याच्या वर दोन मिनिटंही धरता येईनात. उतरलो, पुन्हा चढलो, पुन्हा उतरलो. शेवटी पुतण्याने बांधली. वय झालं म्हणून मी सोडून दिलं. मग झोप सुरू झाली. दुपारी जेवल्यावर येते ती नव्हे, सकाळी दहाला समोर गिऱ्हाईक उभं असताना डोळे मिटायचे. नोटा मोजताना अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या यायच्या, एकच बंडल तीनतीनदा मोजायचो. मे महिन्यात ऑफिसातली माणसं घामाने निथळत असताना मी पंखा बंद करा म्हणायचो. पोट चार-चार दिवस साफ होत नव्हतं. तोंड सुजलं, डोळ्यांखाली तर पिशव्या आल्या. आणि आवाज गेला.

बाकीचं मी सोसलं असतं. मी भजनात गातो. वास्कोचा दामोदर सप्ताह सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्याकडे गावोगावच्या देवळांत श्रावणात सप्ताह असतात, आणि आमच्या वाड्याच्या पाळीला अभंग उचलायचं काम वीस वर्षं माझ्याकडे होतं. काळी दोनचा आवाज माझा. तो जाड झाला, घोगरा झाला, शब्द जिभेवरून ओढत बाहेर यायला लागले.

आता तुम्हीच सांगा. सुजलेले डोळे, जड जीभ, घोगरा आवाज, भर दिवसा डुलक्या, एवढं सगळं गोव्यात एका पुरुषात दिसलं तर लोक काय म्हणणार? तेच म्हणाले.

मी दारू पीत नाही. आमचे बाबा दारूने गेले. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि दादा एकोणीसचा. त्याने शिक्षण सोडून घर ओढलं, मला शिकवलं. मी कधी ग्लासाला हात लावणार नाही हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं आणि ते पाळलंय.

आमचे नेहमीचे डॉक्टर जुने, अनुभवी. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, झोप किती? घेता किती? मी म्हटलं, घेत नाही. ते हसले आणि लिहायला लागले. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि लिव्हरची टेस्ट. रिपोर्टमध्ये लिव्हरच्या टेस्टमधलं एसजीओटी वाढलेलं आणि एमसीव्हीही वाढलेलं, म्हणजे तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला, त्या दोन आकड्यांखाली पेनाने रेघा ओढल्या आणि म्हणाले, "आकडे खोटं बोलत नाहीत. आता बंद करा." बायको शेजारी बसली होती.

ते दोन्ही आकडे थायरॉईड, म्हणजे गळ्यातली हार्मोन बनवणारी ग्रंथी, मंदावल्यानेही वाढतात. एसजीओटी फक्त लिव्हरमध्ये नसतं, स्नायूंतही असतं, आणि थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की स्नायूंना इजा होऊन ते रक्तात उतरतं. स्नायूंची इजा दाखवणारी सीपीके टेस्ट केली असती तर तेव्हाच कळलं असतं. शिडीवर माझे हात का भरून येत होते त्याचा पुरावा त्याच कागदावर होता, आणि तोच कागद मी पितो याचा पुरावा ठरला. तिसऱ्या खेपेला मी धीर करून, "थायरॉईड बघायचा का?" असं अर्धवट विचारलं, कारण ऑफिसातल्या एका बाईंना होता. "तो बायकांचा आजार," म्हणाले. बायकांत तो पुरुषांपेक्षा कितीतरी पट जास्त दिसतो, हे खरंच आहे. पण म्हणूनच पुरुषांत तो कुणी शोधत नाही. मी "बरं" म्हणून उठलो. त्या "बरं"चा मला अजून राग येतो.

श्रावण २०१७. आमची पाळी रात्री दोनला होती. मी अभंग उचलला आणि वरच्या सा ला आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. टाळ धरलेल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या एकाने पुढे उचलला. मी खांबाला टेकून बसलो आणि त्या पखवाजाच्या आवाजात बसल्या जागी झोपलो. जाग आली ती दादाच्या हाताने. त्याने माझा जबडा धरला होता. "तोंड उगड," म्हणाला, आणि सभामंडपात, सगळ्या वाड्यासमोर, वाकून त्याने माझं तोंड हुंगलं. वास आला नाही. तो मागे सरला आणि म्हणाला, "आता वास न येणारी घेतोस." त्याचे डोळे भरले होते. बाबांचं तोंड तो असंच हुंगायचा, हे मला लहानपणापासून आठवतं. म्हणून मी त्याला तेव्हा काही बोललो नाही. पण त्या रात्रीनंतर मी देवळात गायला बसलो नाही.

नोव्हेंबरमध्ये आईच्या बीपीच्या गोळ्यांसाठी आरोग्य केंद्रात गेलो होतो. तिथे एक नवी डॉक्टर होती, पंचविशीची असेल. आईला पट्टा बांधला होता, मी गोळ्यांबद्दल एक वाक्य बोललो. तिने मान वर केली. "काका, तुमचा आवाज पहिल्यापासून असाच आहे?" मी नाही म्हटलं. "खिशात लायसन्स आहे?" तिने लायसन्सवरचा सहा वर्षांपूर्वीचा फोटो माझ्या गालाशेजारी धरला आणि बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. माझ्या भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली होती, ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. नाडी मोजली, ५२. मग मला खुर्चीवर गुडघे टेकायला लावलं, पावलं मागे लोंबती. टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटक्यात खाली गेलं, पण परत येताना वेळ घेतला, थकलेला माणूस उठतो तसं सावकाश आलं. "आजी, बघा," असं म्हणून तिने आईला दाखवण्यासाठी पुन्हा मारली. दारूचं तिनेही विचारलं. मी नाही म्हटलं. तिने कागदावर "नाही" असं लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाला गेली.

टीएसएच ९२ आली. थायरॉईड मंदावला की त्याला जागं करायला मेंदूकडून येणारं हे हार्मोन वाढतं. लॅबची वरची मर्यादा साडेचारच्या आसपास होती. फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, तळाला, कोलेस्टेरॉल ३००च्या जवळ, थायरॉईडविरुद्धची अँटीबॉडी अँटी-टीपीओ भरपूर वाढलेली. म्हणजे हाशिमोतो, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईडवर उलटते तो प्रकार. जपानच्या डॉक्टर हाशिमोतोंनी १९१२ साली त्याचं वर्णन करून ठेवलंय. शंभर वर्षं जुनी माहिती, आणि एका साध्या रक्ताच्या टेस्टचं काम.

थायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडलेल्या त्याच हार्मोनची, गोळी ५० मायक्रोग्रॅमपासून सुरू केली, दर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच बघत १२५ वर स्थिर झालो. तोंडाची सूज दोनेक महिन्यांत उतरली, आवाजाला पाच महिने लागले. एसजीओटी आणि एमसीव्ही पुन्हा करून घेतले, दोन्ही जागेवर आले होते. मधल्या काळात मी काहीही सोडलेलं नव्हतं. रेघा ओढलेला जुना रिपोर्ट आणि हा नवा, दोन्ही घेऊन दादाकडे गेलो. त्याने चष्मा लावून दोन्ही वाचले आणि म्हणाला, "आपण नुस्तं खाणारी माणसं, आपल्याला कसला थायरॉईड?" नुस्तं म्हणजे आमच्याकडे मासळी.

हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की इथे लिहूनच टाकतो. मासळीत आयोडीन असतं, आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो, हे बरोबर. पण समुद्राकाठी राहणाऱ्या, रोज बांगडे खाणाऱ्या माणसाचा थायरॉईड बहुधा आयोडीन कमी पडून बिघडत नाही, हाशिमोतोने बिघडतो, आणि त्यावर मासळीचा काही उपयोग नाही. उलट वरून आयोडीनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या गोळ्या असलं काही घेतलं तर त्रास वाढू शकतो.

आता तुमचं. "मला बरं वाटत नाही" असं म्हणू नका, त्यावर ताणच लिहिला जातो. नावाने मागा. "मला टीएसएच आणि फ्री टी-फोर करून घ्यायची आहे, लिहून द्या." पूर्वी काय जमत होतं आणि कधीपासून जमत नाही ते महिन्यासकट सांगा. फोनमधला दोन वर्षांपूर्वीचा फोटो काढून समोर धरा. घरात कुणाला थायरॉईड असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. नाहीच म्हणाले तर "का नको?" एवढं विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. कारण पटलं तर ऐका. पटलं नाही तर दुसरा डॉक्टर गाठा, जुन्या ओळखीची भीड धरू नका. आमच्या डॉक्टरांनी माझं लहानपण पाहिलं होतं, बाबांनाही पाहिलं होतं, आणि तेच माझ्या आड आलं.

लॅबमध्ये चिठ्ठीशिवाय रक्त देता येतं, पण रिपोर्ट एकट्याने वाचून गोळी सुरू करू नका. गरज नसताना किंवा जास्त घेतली तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. टीएसएचचा आकडा पाच-सातच्या आसपास आणि फ्री टी-फोर नॉर्मल असेल तर सहसा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघतात, लगेच औषध देत नाहीत. थायरॉईडच्या टेस्टला उपाशी जायची गरज नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्याने काही लॅबमध्ये आकडा चुकतो. तुम्ही बाई असाल आणि मुलाचा विचार चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, तेव्हा मर्यादा वेगळ्या धरतात.

आणि थकवा म्हणजे थायरॉईडच असं नाही, हे मलाही मान्य करावं लागलं. हा आजार घराण्यात फिरतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी पुतणी सारखी दमते, केस गळतात म्हणायला लागली तेव्हा मी दादाच्या मागे लागलो. तो ऐकेना. "तुला सगळीकडे तेच दिसतं," म्हणाला. मग मीच तिला रक्त काढायला घेऊन गेलो. टीएसएच २.१ आली, एकदम नॉर्मल. दादाने संध्याकाळी फोन केला. "बघितलंस? तुझा थायरॉईड निघाला नाही." मी म्हटलं, "हिमोग्लोबिन ८.२ निघालं ते वाचलंस?" पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग त्याने विचारलं, "मग आता काय करायचं?" देवळातल्या त्या रात्रीबद्दल त्याने आजवर एक शब्द काढलेला नाही, पण हा प्रश्न त्याने मला विचारला. पुतणीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आता बरी आहे.

तेव्हा चिठ्ठीवर टीएसएचबरोबर सीबीसी, बी-१२ आणि शुगरही लिहून घ्या, रक्त एकदाच काढावं लागेल. शुगर उपाशीपोटी करायची असेल तर सकाळी चहा न घेता जा.