शेवटचं स्थानक नसलेली लोकल: टोकियोच्या यामानोते मार्गाबद्दल वाचकांचे प्रश्न

टोकियोभोवती फिरणाऱ्या यामानोते या वर्तुळाकार लोकलवर गेल्या अंकात टिपण आलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतल्या काही प्रश्नांना ही उत्तरं.

पहिल्यांदाच जपानला जातो आहे, मुक्काम शिंजुकूत आहे. कोणत्या दिशेची गाडी पकडायची हे कसं ओळखायचं? (कोल्हापूर)

‘अप’ आणि ‘डाउन’ विसरा, स्थानकांचे क्रमांक लक्षात ठेवा. टोकियो ०१, उएनो ०५, इकेबुकुरो १३, शिंजुकू १७, शिबुया २०, शिनागावा २५ आणि शेवटी युराकुचो ३०. त्यापुढे पुन्हा टोकियो. फलाटावरच्या पाटीवर हे आकडे असतात. चढत्या क्रमाने जाणारी गाडी ‘उचिमावारी’, म्हणजे आतल्या रुळांवरची, घड्याळाच्या उलट फिरणारी. उतरत्या क्रमाची ‘सोतोमावारी’, बाहेरच्या रुळांवरची. जपानमध्येही गाड्या डाव्या हातानेच धावतात, म्हणून बाहेरचा रूळ घड्याळाच्या दिशेचा.

दोन क्रमांकांमधला फरक १५ पेक्षा जास्त आला, तर उलट्या बाजूने जा. शिंजुकूहून उएनोला जाताना १७ मधून ५ वजा केले की १२ उरतात, म्हणजे सोतोमावारी बरोबर. शिंजुकूहून टोकियो स्थानकाला जायचं असेल तर मात्र यामानोतेत बसूच नका. नारिंगी पट्ट्याची चुओ जलद लोकल वर्तुळाच्या पोटातून सुमारे १५ मिनिटांत पोचवते, यामानोतेला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. या भागात भाडं जवळच्या अंतराचं धरतात, त्यामुळे लांबून गेलात काय किंवा मधून गेलात काय, पैसे तेवढेच.

सुइका हे प्रीपेड कार्ड लावून आत गेलात आणि पूर्ण फेरी मारून त्याच स्थानकावर बाहेर पडणार असाल, तर नुसतं गेटला कार्ड लावून चालत नाही. कर्मचाऱ्याकडे जाऊन हिशेब करावा लागतो. जपान रेल पास असेल तर तो यामानोतेवर चालतो, भुयारी मेट्रोवर चालत नाही. मोठ्या बॅगा घेऊन सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत चढू नका. रात्री उशिराच्या काही गाड्या फेरी पूर्ण न करता ओसाकी, इकेबुकुरो किंवा शिनागावाला संपतात, तेव्हा डब्यावरचं नाव वाचूनच चढा.

हा मार्ग सुरुवातीपासूनच गोल आखला होता का? (नाशिक)

नाही. गोल व्हायला ४० वर्षं लागली. निप्पोन रेल्वे या खासगी कंपनीने १ मार्च १८८५ ला शिनागावा ते आकाबाने हा फाटा उघडला. उत्तरेकडच्या गुन्मा भागातलं रेशीम योकोहामा बंदराला न्यायचं होतं. शहराच्या दाट वस्तीतून रूळ टाकणं अवघड, म्हणून पश्चिमेच्या मोकळ्या रानातून वळसा घेतला. आज गर्दीने फुललेली शिंजुकू आणि शिबुया ही त्या वळशावरची किरकोळ स्थानकं होती. १९०३ मध्ये इकेबुकुरो ते ताबाता हा तुकडा जोडला गेला, १९०६ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि १९०९ मध्ये विजेच्या गाड्या आल्या. कांदा ते उएनो हा उन्नत तुकडा तेवढा उरला होता. तो १ नोव्हेंबर १९२५ ला उघडला आणि वर्तुळ जुळलं. मुंबईत व्हीटी ते कुर्ला ही हार्बरवरची पहिली विजेची लोकल त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला धावली, तीही यामानोतेवर आज आहे त्याच १५०० व्होल्ट डीसीवर.

वर्तुळाला खरं वजन आलं ते १९२३ च्या भूकंपानंतर. वस्ती पश्चिमेला सरकली आणि खासगी रेल्वे कंपन्यांनी उपनगरांतून मार्ग आणले. वर्तुळाच्या आत त्यांना सहसा शिरकाव मिळाला नाही. ओदाक्यू आणि केइओ शिंजुकूला थांबल्या, तोक्यू शिबुयाला, सेइबू आणि तोबू इकेबुकुरोला. तिथे उतरणारा प्रत्येक माणूस यामानोतेत चढू लागला. आकार गोल असणं ही दुय्यम गोष्ट आहे. गाडी बदलायचे हे सांधे आहेत म्हणून मार्ग चालतो.

शेवटचं स्थानकच नाही, तर उशीर झालेली गाडी वेळेवर कशी येते? (डोंबिवली)

वर्तुळाकार मार्गाचं दुखणं नेमकं इथे आहे. कसाऱ्याहून उशिरा आलेली लोकल सीएसएमटीला फलाटावर थांबते, तिथल्या थांब्यात काही मिनिटं भरून निघतात. यामानोतेला तशी जागा नाही. आजचा उशीर पुढच्या फेरीतही तसाच फिरत राहतो.

आधी वेळेचा हिशेब बघा. फेरी ६४ मिनिटांची आणि दोन गाड्यांत ४ मिनिटांचं अंतर धरलं, तर एका दिशेला बरोबर १६ गाड्या लागतात. फेरी ६६ मिनिटांची झाली की भागाकार जुळत नाही, कुठेतरी भोक पडतं किंवा गाड्या एकमेकींच्या शेपटाला लागतात. समजा एक गाडी २ मिनिटं रखडली. पुढच्या फलाटावर तेवढ्यात जास्त माणसं जमतात, चढ-उतारीला आणखी वेळ जातो आणि गाडी अजून मागे पडते. मागची मात्र रिकामी आणि झपाझप येते. म्हणून नियंत्रण कक्ष उशिराच्या गाडीला पळवत बसत नाही, तिच्या पुढची गाडी थोडी थांबवतो. प्रवाशांना ‘वेळ जुळवण्यासाठी थांबत आहोत’ अशी घोषणा ऐकू येते. वेळेवरची गाडी विनाकारण थांबली असं वाटतं, पण अंतर समान राहिलं तरच गर्दी समान वाटली जाते.

दुसरी सोय ओसाकीला आहे. कारशेड जवळ आहे आणि एकाच दिशेला दोन फलाट वापरता येतात, त्यामुळे गाडी काढून घेणं किंवा ताजी गाडी मध्ये घालणं जमतं. याशिवाय ताबाता ते शिनागावा या पूर्व बाजूला केइहिन-तोहोकू मार्ग शेजारून धावतो. १९५६ पर्यंत दोन्ही मार्ग एकाच रुळांवर होते, त्या वर्षी वेगळे झाले. आता एकीकडे खोळंबा झाला की प्रवासी दुसरीकडे वळवता येतात. पश्चिम बाजूची गाडी बंद पडली तर गोंधळ मोठा होतो.

लंडनने हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडवला. तिथल्या सर्कल लाइनचं वर्तुळ डिसेंबर २००९ मध्ये मोडलं. गाड्या आता हॅमरस्मिथहून निघून फेरी मारून एजवेअर रोडला थांबतात.

दर डब्याला एका बाजूला सहा दरवाजे असलेले डबे कुठे गेले? (पुणे)

२०११ पर्यंत काढून टाकले. १९९० च्या दशकात गर्दीसाठी ते आणले होते आणि सकाळी त्यांची बाकं भिंतीला दुमडून कुलूपबंद ठेवत, सगळ्यांनी उभंच राहायचं. पण २०१० मध्ये एबिसूपासून फलाटांना सरकते अडसर बसू लागले. अडसराचं दार आणि डब्याचं दार समोरासमोर यायलाच हवं, म्हणून सगळे डबे चार दरवाज्यांचे केले. आज ११ डब्यांची गाडी धावते. मार्च २०१५ मध्ये उएनो-टोकियो हा वेगळा मार्ग सुरू झाल्यावर पूर्व बाजूची गर्दीही उतरली.

ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला यातलं काय लागू पडतं? (ठाणे)

केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेला तो मार्ग २९ किलोमीटरचा आणि २२ स्थानकांचा आहे. यामानोते ३४.५ किलोमीटर आणि ३० स्थानकं, म्हणजे लांबी फार वेगळी नाही. फरक सांध्यांचा आहे. यामानोतेवर बहुतेक स्थानकांत दुसरा मार्ग मिळतो. ठाण्याच्या आराखड्यात दोन जागा नीट बघा. पहिली ठाणे रेल्वे स्थानक: मेट्रोतून उतरून लोकलच्या फलाटापर्यंत किती पावलं आणि किती जिने, आणि मध्ये रस्ता ओलांडावा लागतो का. दुसरी जागा कारशेडजवळची: तिथे जादा रूळ आणि दिशेमागे दुसरा फलाट ठेवला आहे का. उन्नत मार्गावर खांब उभे राहिल्यानंतर तो फलाट वाढवायला जागा मिळत नाही.